लॉन गेलं तर जाऊ द्या, माती ठेवा

मैत्रिणींनो, आपल्या गावातल्या कुठल्याही कॉलनीतून एकदा पायी चक्कर मारून पाहा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ज्या घरांपुढे हिरवंगार लॉन होतं, कडेला मोगरा, जास्वंद, एखादा कढीपत्ता होता, तिथे आता लाल-करडे गट्टू बसलेले दिसतील. कंपाउंडची भिंत फोडून गेट मोठं केलेलं आणि आत एकीच्या जागी दोन गाड्या खेटून उभ्या. विचारावं, ‘अहो, बाग कुठे गेली?’ तर उत्तर ठरलेलं. ‘दुसरी गाडी आली ना! आणि ती जागा तशी रिकामीच होती.’

या उत्तरातला पहिला भाग मला पटतो. माझं भांडण आहे ते दुसऱ्या भागाशी.

आधी गाडीची बाजू मांडते. गाडी म्हणजे पुरुषांची हौस, असं म्हणून आपण बायका नाक मुरडतो. पण ते आता सगळं खरं राहिलेलं नाही. आमचं लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, घर एकत्र. एक गाडी होती, ती ह्यांच्या आणि भाऊजींच्या कामाला जुंपलेली. दुसरी आली ती माझ्या धाकट्या जावेची. ती नर्स आहे, पंचवीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, आठवतं ना? त्या महिन्यांत ही बाई कधी काळीपिवळीत कोंबून, कधी स्कूटीवर एकटी अशी ड्यूटीला जात होती. ती घरी येईपर्यंत आमचं जेवणात लक्ष नसायचं. संप मिटल्यावर तिनं स्वतःच्या पगारावर कर्ज काढून छोटी गाडी घेतली. पुढे २०२३ च्या मार्चपासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट झालं, चांगलंच झालं. पण रात्री दहाला ड्यूटी सुटते तेव्हा अर्ध्या तिकिटाचीही गाडी नसते आणि पुऱ्या तिकिटाचीही नसते.

तेव्हा आमच्या दारातली दुसरी गाडी ही चैन नाही. ती एका बाईची रात्रीची सोबत आहे. ती रस्त्यावर उभी राहायची. आमची गल्ली जेमतेम वीस फुटांची. सकाळी घंटागाडीवाला हॉर्न वाजवायचा, कधी आरसा मोडलेला, कधी दारावर ओरखडा. एकदा पलीकडच्या घरातल्या आजोबांना न्यायला रुग्णवाहिका आली, तर गल्लीतल्या चार गाड्या हलवेपर्यंत सगळ्यांच्या जिवाची घालमेल झाली. त्या दिवसानंतर घरात ठरलं की गाडी आत घ्यायची. यात कुणाचंच दुमत नव्हतं.

दुमत झालं ते किती जागा द्यायची यावर.

मिस्त्री आला. ह्यांनी आणि भाऊजींनी त्याच्याबरोबर टेप धरला. घरापुढे बारा बाय पंचवीस फुटांचं लॉन, म्हणजे तीनशे चौरस फूट. मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, अर्धवट कशाला करता? खालून काँक्रीट टाकून सगळ्याला गट्टू बसवून टाकू. चिखल नाही, कचरा नाही, गवत काढायची कटकट नाही.’ दोघांनी माना डोलावल्या. पाच मिनिटांत निकाल! त्या जागेत दिवसातून दहा वेळा ज्यांची पावलं पडतात त्या आम्ही तिघी, म्हणजे सासूबाई, मी आणि जाऊ, आत चहाच्या तयारीत. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ना, तसलाच प्रकार.

आता ‘रिकामी जागा’ या शब्दाकडे येऊ. एखाद्या जागेत सामान नसलं, भिंत नसली, भाडेकरू नसला की पुरुष तिला रिकामी म्हणतात. पण माझ्या घराची ती रिकामी जागा मी एक दिवस मोजली. सकाळी सासूबाई तुळशीला पाणी घालून तिथेच उन्हाला बसल्या. त्यांचे गुडघे धरलेत, जिना चढून गच्चीवर त्या जाऊ शकत नाहीत. दहाला शेजारीण भाजी निवडायला घेऊन आली. दुपारी पोरांचा क्रिकेट. संध्याकाळी आमच्या बचत गटाची बैठक, पंधरा बायका. यातल्या निम्म्या बायका आमच्या दिवाणखान्यात आल्या तर सोफ्याच्या कडेवर अवघडून बसतात. अंगणात मात्र सतरंजी टाकली की ऐसपैस बसतात आणि मोकळं बोलतात. नवरा मारतो हे एखादीनं पहिल्यांदा सांगितलं, ते आमच्या अंगणात बसून. चार भिंतींच्या आत हा विषय निघाला नसता, हे मी वीस वर्षांच्या कामावरून सांगते.

बाईला घरात स्वतःची अशी जागा कोणती? स्वयंपाकघर तिचं म्हणावं, तर तिथे तिला बसायला मिळत नाही. चौकात, पारावर, चहाच्या टपरीवर तिनं बसायचं नाही. मग उघड्या आभाळाखाली ती कुणाची परवानगी न घेता उभी राहू शकते अशी जागा एकच, अंगण. २०२० च्या टाळेबंदीत सगळं जग घरात कोंडलं गेलं, तेव्हा ज्या घरांना चार हात अंगण होतं तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी पाय मोकळे केले. आणि आम्ही लातूरकडची माणसं तर ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरूच शकत नाही. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. आदल्या दिवशीचं गणपती विसर्जन आटोपून लोक झोपलेले, आणि चार वाजायच्या आत जमीन हादरली. हजारो माणसं गेली. नंतर कित्येक रात्री जिल्हाभर लोक घरात झोपायला धजले नाहीत. आम्ही सगळे अंगणात अंथरुणं टाकून झोपायचो. त्या दिवसांत अंगणाला कुणी रिकामी जागा म्हटलं नाही.

पण थांबा. मी काही लॉनची वकिली करायला बसलेले नाही. आपल्या अंगणाचा इतिहास पाहिला तर लॉन हा त्यातला अगदी अलीकडचा पाहुणा. आमच्या आजीच्या काळी शेणसडा आणि रांगोळी. नंतर शहाबादी फरशी आली, मग सिमेंटचा कोबा. पुढे बंगल्यांचं पेव फुटलं तेव्हा लॉन आलं. नर्सरीतून चटईसारख्या गुंडाळ्या आणायच्या, अंथरायच्या, की चार दिवसांत सिनेमातल्यासारखं हिरवं अंगण तयार. दिसायला सुंदर, पण भलतंच तहानलेलं. भर उन्हाळ्यात एका चौरस मीटर लॉनला रोजचं अंदाजे पाच लिटर पाणी लागतं. आमच्या तीनशे चौरस फुटांचे झाले अठ्ठावीस चौरस मीटर. म्हणजे दिवसाला एकशे चाळीस लिटर, आठ-नऊ बादल्या. ज्या जिल्ह्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याचे दिवस आपण काढले आहेत, तिथे गवताला रोज नऊ बादल्या ओतणं माझ्या तरी मनाला पटत नाही. तेव्हा लॉन काढायचं असेल तर खुशाल काढा. मी एक अश्रू ढाळणार नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की लॉनबरोबर माती झाकू नका. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मिस्त्रीच्या एका वाक्यात त्या एक होऊन जातात.

कशासाठी हा हट्ट? थोडा हिशेब मांडते. मी साधी बी. ए. झालेली बाई, इंजिनिअर नाही. पण हा हिशेब पाचवीतल्या मुलालाही जमेल असा आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. राज्याची २०२० ची एकत्रिकृत बांधकाम नियमावली आहे, तिच्यात एका चारचाकीसाठी अडीच मीटर बाय पाच मीटर जागा धरली आहे. म्हणजे साडेबारा चौरस मीटर. आपल्या भाषेत साधारण एकशे पस्तीस चौरस फूट. आमच्याकडे वर्षाला सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस होतो. कमीत कमी सातशे धरा. एका गाडीच्या जागेवर वर्षाला ८,७५० लिटर पाणी पडतं!

आता २०१६ चा एप्रिल आठवा. लातूर शहराचे नळ कोरडे पडले होते. पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होतील म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. मग मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी आली तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं, आणि साऱ्या देशानं ती बातमी पाहिली. भागाकार करा. अवघ्या सत्तावन्न घरांच्या एकेका गाडीच्या जागेवर वर्षभरात जेवढा पाऊस पडतो, तेवढं ते पाणी होतं. सत्तावन्न घरं म्हणजे आपली एक कॉलनी.

हे सगळं पाणी जमिनीत मुरतं असं मी म्हणत नाही. काही उडून जातं, काही झाडं पितात, आपल्याकडे खाली काळा खडक आहे तिथे ते अडतं. पण उघडी माती असली तर त्यातलं काही तरी खाली जाईल, निदान मोगऱ्याच्या मुळाशी राहील. खाली काँक्रीट टाकून वर गट्टू बसवले, की त्यातलं बहुतेक सगळं पाणी गेटखालून रस्त्यावर, रस्त्यावरून गटारात. आणि मग आपण पाचशे-सहाशे फूट बोअर मारतो आणि पाणी लागलं नाही म्हणून नशिबाला बोल लावतो. थेंबे थेंबे तळे साचे हे शाळेत घोकलं. थेंबे थेंबे तळे आटतेही, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

पाणी कमी पडतं तेव्हाच माती लागते असंही नाही, जास्त होतं तेव्हाही लागते. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यानं अतिवृष्टी पाहिली. उभी पिकं गेली, गावांत पाणी शिरलं. एवढ्या पावसात अंगणातली माती तरी किती पिणार, तीही तुडुंब होते. पण नेहमीच्या पावसात काय होतं ते पाहा. सिमेंटचे रस्ते दरवेळी थरावर थर चढवून उंच होत चाललेत आणि जुनी घरं खाली राहिलीत. अशा घरापुढचं सगळं अंगण गट्टूंनी बंद केलं की तासाभराच्या जोरदार सरीतही पाणी उंबऱ्याला लागतं. शिवाय मोठ्या गेटसाठी गटारावर नवा ढापा पडतो, बहुतेक वेळा गटाराचं तोंड अरुंद करूनच. एकेका घराचा एकेक ढापा, आणि गल्लीच्या टोकाला जिचं घर सखल ती बाई रात्रभर बादलीनं पाणी उपसते. आपला चिखल वाचला, तो तिच्या घरात गेला.

हा प्रश्न आपल्याच गावाचा आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये घरापुढच्या बागा प्रसिद्ध. तिथेही लोकांनी गाड्यांसाठी त्या बुजवायला सुरुवात केली. लंडन शहराच्या लोकप्रतिनिधींच्या सभेनं २००५ मध्ये यावर एक अहवालच काढला. २००७ च्या उन्हाळ्यात तिथे मोठे पूर आले, आणि १ ऑक्टोबर २००८ पासून नियम झाला. घरापुढची पाच चौरस मीटरहून जास्त जागा पाणी न मुरणाऱ्या फरशीनं झाकायची असेल तर आधी परवानगी काढावी लागते. पाणी मुरू देणारी फरशी घातली किंवा पाणी बागेतल्या मातीकडे वळवलं, तर परवानगीची गरज नाही. गाडी लावू नका असं कुणी म्हटलं नाही. पाणी बाहेर ढकलू नका, एवढंच म्हटलं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटला.

आपल्याकडे वारं उलट्या दिशेनं वाहतंय. २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी, पार्किंगच्या जागेचं प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नको, अशा धोरणाची गोष्ट बोलून दाखवली होती. मुंबईसारख्या ठिकाणची कोंडी पाहता त्यामागचा हेतू कळतो. पण असा नियम कधी आपल्या गावांपर्यंत आला, तर लोक ती जागा कुठून काढणार? घर तर मागे सरकवता येत नाही. ती अंगणातूनच निघणार. तेव्हा ‘गाडीची जागा म्हणजे काँक्रीट’ हे समीकरण आत्ताच आपल्या डोक्यातून काढायला हवं.

मग करायचं काय? आमच्या घरी जे झालं ते सांगते. त्या दिवशी चहा बाहेर नेऊन ठेवला आणि आम्ही तिघीही तिथेच बसलो. सासूबाई म्हणाल्या, ‘गाडीला चाकं चार, तिला सारी जमीन कशाला लागते?’ मिस्त्री हसला, पण जाऊ हसली नाही. तिनं स्वतः गाडी आत आणली, चाकांच्या खुणा मातीत उमटल्या, त्यांच्या बाजूनं फक्की मारली. दोन दोन फुटांच्या दोन पट्ट्या, सोळा-सतरा फूट लांब. सगळी मिळून सत्तर फुटांच्या आतली फरशी. एकशे पस्तीस फुटांतली निम्मी माती तिथेच मोकळी राहिली, आणि लॉनच्या उरलेल्या जागेला तर हात लागला नाही. मधल्या पट्टीत खडी पसरली, कडेनं गवती चहा लावला. उरलेल्या जागेतलं लॉनही आम्ही काढलं. तिथे आता सावलीला कडुनिंबाचं रोप, मोगरा, अळू आणि सतरंजीपुरती सारवलेली जागा आहे. गाडी गेली की मधली जागा पोरांची, आली की गाडीची. जावेची ड्यूटीही सुटली नाही आणि बचत गटाची बैठकही हलली नाही.

तुमच्याकडे हा विषय निघालाच, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली, पट्ट्या पुरतात. छोट्या गाडीला तर नक्कीच. मात्र दार उघडून उतरायला एका बाजूनं अडीच-तीन फूट सोडा, नाहीतर साडी सांभाळत, हातात पिशवी घेऊन उतरताना फजिती होते. घरात वयस्क माणूस असेल तर त्या बाजूला सपाट फरशीचे दोन तुकडे टाकावेत.

दुसरी, गट्टूच घालायचे असतील तर खाली काँक्रीट टाकू देऊ नका. खाली मुरूम, खडी आणि वर बारीक कच असा थर चांगला दाबून घ्या. सांध्यात सिमेंट न भरता वाळू भरा. मधे भोकं असलेले जाळीचे ब्लॉकही मिळतात. त्या भोकांत माती भरून गवत लावता येतं. मिस्त्री म्हणेल, ‘गाडीनं दबेल.’ खालचा थर नीट ठोकला तर छोटी गाडी पेलते.

तिसरी, उतार. नव्वद टक्के मिस्त्री सवयीनं उतार गेटकडे देतात. तो फुलझाडांच्या वाफ्याकडे द्यायला सांगा. पाया भिजणार नाही एवढं पाहा, म्हणजे उतार घराच्या उलट दिशेला. जमत असेल तर वाफ्यात शोषखड्डा घ्या. मीटरभर लांब, रुंद आणि खोल, तळाला मोठं डबर, त्यावर खडी, वर वाळू. तो पायापासून दहा फूट तरी लांब असावा. आपल्या शेजारच्या नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे करून सांडपाण्याची गटारं आणि त्यावरचे डास कमी करून दाखवले आहेत. एका गावाला जमलं ते एका अंगणाला जमणार नाही का? मात्र गाडी धुतलेलं साबणाचं, तेलकट पाणी त्या खड्ड्यात सोडू नका. गाडी ओल्या फडक्यानं पुसली तरी स्वच्छ होते.

चौथी, झाड. अंगणातलं झाड आपलं असलं तरी नगरपालिकेच्या हद्दीत ते विनापरवानगी तोडता येत नाही. त्यासाठी १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे. ‘मध्ये येतंय’ म्हणून रविवारी गुपचूप कुऱ्हाड घालणाऱ्यांना हे सांगा. आणि झाड ठेवलं तर त्याचा गळा आवळू नका. दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको, तिथलं असेल ते काढा, असं राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये बजावलं होतं. बुंध्याभोवती तीन फूट माती मोकळी ठेवा. उन्हाळ्यात त्याच झाडाची सावली गाडीवर पडेल. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. तापलेले गट्टू रात्रीपर्यंत धग सोडत राहतात आणि ती धग समोरच्या खोलीत येते, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

पाचवी गोष्ट पैशाची नाही आणि सिमेंटचीही नाही. दोन गाड्या एकाच वेळी दारात किती तास असतात, ते आधी आठवडाभर पाहा. कितीतरी घरांत दुसरी गाडी महिन्यातून चारदा निघते आणि बाकीचे दिवस तिच्यावर नुसतं कव्हर असतं. अशा गाडीसाठी अंगण द्यायचं, की शेजाऱ्यांच्या रिकाम्या शेडमध्ये थोडं भाडं देऊन ती लावायची, याचा विचार करायला काय हरकत आहे? एकदा गट्टू बसले की ते सहसा कुणी काढत नाही.

काही जणी म्हणतील, ‘ताई, आमचं कोण ऐकतंय? घर त्यांचं, पैसा त्यांचा.’ खरं आहे, सातबाऱ्यावर, उताऱ्यावर अजूनही फार थोड्या बायकांची नावं आहेत. पण माझा अनुभव असा की बागेसाठी रडून मागितलं तर कुणी ऐकत नाही, ‘हिला फुलांची हौस’ म्हणून सोडून देतात. आकडा सांगितला की ऐकतात. आठ हजार सातशे पन्नास लिटर, हा आकडा पाठ करा. ‘पट्ट्या केल्या तर गट्टू निम्मे लागतील,’ हेही सांगा. निम्म्या खर्चाचा मुद्दा आमच्या ह्यांना पाण्याच्या मुद्द्याआधी पटला, हे मी तुमच्यापासून लपवत नाही!

गाड्या वाढणार आहेत. आपल्या मुली, सुना त्या चालवणार आहेत आणि चालवाव्यातच. रात्री दहा वाजता रस्त्यावर एसटीची वाट पाहत एकटं उभं राहण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं. त्यांना जागा देताना घरातल्या म्हातारीचं ऊन, शेजारणीची सतरंजी आणि पावसाचं पाणी हाकलून द्यायचं कारण नाही. तिन्ही गोष्टी एका अंगणात मावतात, मापं नीट घेतली तर. तेव्हा मिस्त्री टेप घेऊन दारात येईल त्या दिवशी चहा जरा उशिरा झाला तरी चालेल. टेपचं दुसरं टोक धरायला आपण बाहेर जाऊ या.